हनुवटीचं इलेक्ट्रोलिसिस: सुईचं जमलं, क्लेमचं नाही

इलेक्ट्रोलिसिसच्या, म्हणजे केसाच्या मुळाशी सुई घालून करंटने मूळ जाळण्याच्या, खर्चाचा विम्याचा क्लेम नाकारल्याचं पत्र हातात आहे, म्हणून हे आत्ता लिहितेय. पीसीओएसमध्ये (अंडाशयांशी संबंधित हार्मोन्सचा बिघाड) हनुवटीवर केस का येतात, पांढऱ्या केसांवर लेझर का चालत नाही, हे वाचणाऱ्यांना माहीत आहे असं धरते. हा अनुभव हनुवटी आणि वरचा ओठ यांचा, काही महिन्यांच्या नियमित सिटिंगनंतरचा. केस खरंच जातात आणि दुखणं आटोक्यात ठेवता येतं. विमा मात्र दमडी देत नाही.

आधी दुखणं. ‘किती दुखतं’ यापेक्षा ‘नेमकं कधी दुखतं’ हे बघा. प्रत्येक केसाला तीन टप्पे असतात: सुई आत जाते, करंट येतो, चिमट्याने केस निघतो. यातला फक्त दुसरा टप्पा दुखायला हवा. सुई आत जातानाच टोचलं, तर ती मुळाच्या वाटेने न जाता कडेला घुसतेय, किंवा जास्त खोल जातेय. केस निघताना ओढल्यासारखं वाटलं, तर मूळ जळलेलंच नाही. ते नुसतं उपटणं झालं, त्याचे पैसे पार्लरमधल्या थ्रेडिंगच्या दरानेच द्यावेत. नीट काम झालेला केस चिमटा लावताच सरकून येतो आणि त्याच्या टोकाला ओलसर, चकचकीत आवरण दिसतं. काढलेले केस पांढऱ्या टिश्यूवर ठेवायला सांगा आणि सिटिंग संपल्यावर बघा. बहुतेक टोकं कोरडी असतील तर त्याच दिवशी बोला.

सुईच्या जाडीकडे फार कमी जणी बघतात. पाकिटावर २, ३, ४, ५ असे आकडे असतात. तो इंचाचा हजारावा भाग, म्हणजे ३ नंबर साधारण ०.०८ मिमी आणि ४ नंबर ०.१० मिमी. सुई केसाच्याच जाडीची हवी. हनुवटीच्या राठ केसाला २ नंबर लावली तर उष्णता एका बिंदूत एकवटते, चटका तीव्र बसतो आणि मूळ मात्र अर्धवट जळतं. ४ नंबरने काम होत असेल तर कमी करंटमध्ये जास्त काम होतं. काही स्किन क्लिनिकमध्ये हेच काम चामखीळ जाळायच्या कॉटरीच्या मशीनवर, जाड सुईने करतात. तिथून उठून या. सुई सीलबंद पाकिटातली, आपल्यासमोर फोडलेली हवी.

पद्धतीबद्दल माझं मत मधेच बदललं. सुरुवातीला फ्लॅश थर्मोलिसिस, म्हणजे नुसत्या उष्णतेने मूळ जाळणं, आवडलं होतं: सेकंदाच्या अंशात एक चटका, पुढचा केस. मिनिटांवर बिल लागतं तेव्हा हाच हिशेब बरा वाटतो. पण वर्षानुवर्षं थ्रेडिंग आणि प्लकिंग करून मुळं वाकडी झालेली असतात. सुई सरळ जाते आणि मूळ बाजूला राहतं. अशा ठिकाणी ब्लेंड, म्हणजे उष्णता आणि डीसी करंट एकत्र वापरणारी पद्धत, बरं पडतं. त्यात डीसी करंटने त्वचेतल्या मीठ-पाण्यापासून सोडियम हायड्रॉक्साइड तयार होतं आणि ते वाकड्या मुळापर्यंत झिरपतं, शिवाय उष्णतेने त्याचा जोर वाढतो. एका केसाला काही सेकंद लागतात आणि ते सेकंद मंद, वाढत जाणाऱ्या चुरचुरीचे असतात. तरी तोच केस पुन्हा उगवण्याचं प्रमाण घटतं, म्हणून हनुवटीला आता ब्लेंडच. ओठावरच्या सरळ, बारीक केसांना थर्मोलिसिस पुरतं. ब्लेंडमध्ये हातात धरायच्या दांडीवरचा स्पंज ओला हवा आणि अंगठ्या काढलेल्या हव्यात. पेसमेकर असेल तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खुर्चीत बसू नका.

आता बधिर करणारं क्रीम. सगळ्यात जास्त फुकट जाणारी वस्तू हीच. लिग्नोकेन २.५ टक्के आणि प्रिलोकेन २.५ टक्के असलेलं, प्रिलॉक्स किंवा तत्सम. क्लिनिकमध्ये पोचल्यावर बोटाने चोपडून वीस मिनिटं थांबवतात आणि मग ‘क्रीम लावलं तरी दुखतंच हो’ म्हणतात. दुखणारच. हे क्रीम चोळायचं नसतं. जाड थर ठेवून वर प्लास्टिक लावायचं, कडा टेपने बंद करायच्या आणि किमान एक तास थांबायचं. तासाभरात परिणाम साधारण ३ मिमी खोल जातो, दोन तासांत ५ मिमी. राठ केसाचं मूळ तिथेच कुठेतरी असतं, त्यामुळे वीस मिनिटांत फक्त वरची कातडी बधिर होते. स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म चालते. हनुवटीच्या वळणावर ती सुटते, म्हणून एका मोठ्या तुकड्याऐवजी दोन लहान तुकडे लावा.

प्रमाण १० चौ. सेमीला १ ते २ ग्रॅम. अख्ख्या जबड्याला लावलं तर लहान ट्यूब एका दमात संपते आणि अर्ध्या तासाच्या सिटिंगमध्ये त्यातल्या थोड्याच भागाचं काम होतं. आज कुठला पट्टा करायचा ते आदल्या दिवशी फोनवर ठरवा, तेवढ्यालाच लावा. चेहऱ्याला रक्तपुरवठा जास्त, म्हणून बधिरपणा लवकर उतरतो. सिटिंग मोठं असेल तर दुसऱ्या पट्ट्यावरचं प्लास्टिक पहिला पट्टा संपेपर्यंत काढू देऊ नका. क्रीम पुसताना तेलकटपणा पूर्ण जायला हवा, नाहीतर चिमटा घसरतो आणि तोच केस दोनदा चटका खातो. क्रीमखाली त्वचा आधी पांढरी, मग लाल दिसते, त्याने घाबरू नका.

काटकसर एवढ्यासाठीच नाही. २००७ साली अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध नियामक संस्था) इशारा दिला, कारण लेझरच्या आधी पायांवर तीव्र बधिर करणारं क्रीम लावून प्लास्टिक गुंडाळलेल्या दोन तरुणींचा मृत्यू झाला होता. प्रिलोकेनमुळे रक्तातला ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटू शकते. जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असेल, किंवा डॅप्सोन वा सल्फा औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला. खपली असलेल्या जागी क्रीम लावायचंच नाही.

नाकाखालच्या खळगीत मात्र क्रीमही हात टेकतं. तिथे दातांचे डॉक्टर देतात तसं लिग्नोकेनचं इंजेक्शन हा खरा उपाय, आणि ते डॉक्टरच देऊ शकतात, पार्लरमधली ताई नाही. तासभर आधी घेतलेली पॅरासिटामॉल चटक्याला फारशी उपयोगी नाही, नंतरच्या ठणक्याला आहे. ॲस्पिरिन मात्र नको, रक्ताचे ठिपके आणि काळे-निळे डाग वाढतात. पाळीच्या आधीचे दिवस टाळा, तेव्हा तोच करंट जास्त झोंबतो. दोन-तीन दिवस आधी केस रेझरने काढून ठेवले की त्या दिवशी दिसणारे केस वाढीच्या अवस्थेतले असतात आणि सुई अशाच केसांवर खर्च व्हावी. नंतर बर्फ, कोरफड जेल आणि सनस्क्रीन. हळद-बेसन नाही, खपली खरवडणं तर अजिबात नाही. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर केसापेक्षा तो काळा डागच जास्त दिवस मुक्काम करतो.

आता ते पत्र. नाकारण्याचं कारण ‘एक्सक्ल ०८’, म्हणजे पॉलिसीतलं कॉस्मेटिक उपचार वगळणारं कलम. ते कलम नीट वाचलं तर त्यात फट आहे. अपघात, भाजणं, कर्करोग यानंतरची पुनर्रचना, किंवा आरोग्याला थेट आणि तातडीचा धोका दूर करणारा, डॉक्टरांनी प्रमाणित केलेला उपचार वगळलेला नाही. म्हणून सगळ्या जणी डॉक्टरांकडून आजाराचं नाव आणि कोड, ‘हर्सुटिझम (बाईच्या चेहऱ्यावर पुरुषी केस), एल६८.०’ आणि ‘पीसीओएस, ई२८.२’ असं लिहून आणतात आणि ०८शी भांडत बसतात. पहिली अडचण म्हणजे हनुवटीच्या केसांना ‘तातडीचा धोका’ म्हणवून घेणं अवघड. दुसरी त्याहून मोठी. साध्या मेडिक्लेमला २४ तास भरती किंवा डे-केअर (त्याहून कमी वेळात, भरती होऊन केलेला उपचार) लागतं आणि जे सहसा ओपीडीत होतं ते डे-केअरच्या व्याख्येतच बसत नाही. ०८ जिंकलात तरी इथे हराल. वर क्लिनिकने बिलात जीएसटी लावला असेल तर उपचार कॉस्मेटिक असल्याची लेखी कबुलीच झाली, कारण वैद्यकीय उपचारांना जीएसटीतून सूट असते.

ट्रान्स व्यक्तींसाठी गोष्ट आणखी विचित्र आहे. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या २०१९च्या कायद्याचं कलम १५ सर्वसमावेशक विमा योजनेबद्दल बोलताना हार्मोन थेरपी आणि लेझर थेरपीचं नाव घेतं, इलेक्ट्रोलिसिसचं नाही. आणि खासगी पॉलिसीत ‘एक्सक्ल ०७’ लिंगबदलाशी संबंधित सगळेच उपचार वगळतं. अमेरिकेत राहणाऱ्यांचं थोडं बरं आहे. तिथे या कामाला १७३८० हा बिलासाठीचा वेगळा कोड आहे, दर ३० मिनिटांना एक युनिट, आणि काही प्लॅन पूर्वपरवानगी घेऊन जेंडर डिस्फोरियासाठी (शरीराचं लिंग आणि स्वतःची ओळख न जुळल्याने होणारा त्रास) पैसे देतात. हर्सुटिझमला तिथेही बहुधा नकारच.

तक्रार करायचीच असेल तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे. मुंबई आणि पुणे, दोन्हीकडे कार्यालय आहे, फी नाही, वकील चालत नाही, मुदत एक वर्ष. पण इलेक्ट्रोलिसिसच्या बिलासाठी तिथवर जाण्यात अर्थ दिसत नाही. पॉलिसीला ओपीडी रायडर (भरती न होता होणाऱ्या खर्चासाठीची जोड) असेल तर त्यातून स्त्रीरोगतज्ज्ञाची फी, टेस्टोस्टेरॉन आणि थायरॉइडच्या तपासण्या, सोनोग्राफी आणि चिठ्ठीवर लिहिलेलं क्रीम एवढं निघू शकतं. त्यासाठी प्रत्येक बिल वेगळं आणि डॉक्टरांच्या नावाचं हवं. क्लिनिकने सगळं मिळून ‘हेअर रिमूव्हल पॅकेज’ अशी एकच पावती फाडली, तर तपासण्यांचे पैसेही त्याच पावतीत अडकतात.