गुलमर्गची ‘स्नोमोबाईल सफारी’: पैसे भरण्याआधी हे वाचा

सांगली-मिरजेत हिवाळी काश्मीर सहलींच्या जाहिराती पुन्हा व्हॉट्सॲपवर फिरू लागल्यात, म्हणून तातडीने लिहितोय.

आम्हाला शहरातल्याच एका एजंटाने सहलीच्या खर्चावर माणशी साडेचार हजार जादा घेऊन ‘पाइनच्या जंगलातून दोन तासांची स्नोमोबाईल सफारी’ विकली. स्नोमोबाईल म्हणजे बर्फावर चालणारी स्कूटरसारखी गाडी. फोटो देखणा होता. दोन्हीकडे उंच झाडं, मधून रुंद पांढरी वाट, बर्फावर कंगवा फिरवल्यासारख्या बारीक रेघा, कडेला दिशादर्शक पाट्या.

गुलमर्गला त्याचा माणूस म्हणाला, “बर्फ फार पडलाय, जंगलातली वाट बंद आहे.” दुसऱ्या दिवशीही तेच उत्तर. शेवटी मोकळ्या मैदानात चालकाच्या मागे बसवून एक छोटी फेरी मारली आणि तिचेही पैसे वेगळे घेतले! आमच्याबरोबर मिरजेचं एक निवृत्त जोडपं होतं. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी केलेली ही पहिलीच मोठी सहल. काकू काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा पाहून माझा संताप अजून जात नाही. गुलमर्गच्या पायथ्याशी असलेल्या टनमर्गच्या टॅक्सीवाल्याने फोटो पाहून सरळ सांगितलं, “साहब, ऐसा रास्ता यहाँ है ही नहीं.”

त्या रेघांमुळेच हा फोटो बाहेरचा असल्याचं ओळखता येतं. वाहनांच्या वर्दळीने बर्फावर उंचवटे तयार होतात. ते खरवडून बर्फ दाबणारं अवजड यंत्र बहुधा रात्री फिरवतात, आणि थंडीत तो थर घट्ट बसतो. रेघा त्या यंत्राच्या. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात अशा राखलेल्या वाटांचं जाळं ३०,००० किलोमीटरहून मोठं आहे. गुलमर्गला कैल (पाइनचाच एक प्रकार) आणि फरची दाट झाडी आहे, स्कीइंगचे उतारही आहेत, पण स्नोमोबाईलसाठी असं जाळं नाही. जाहिरातीतला फोटो गुगल लेन्सवर टाकून बघा, मूळ जागा बऱ्याचदा सापडते.

गंडोल्याच्या, म्हणजे गुलमर्गच्या केबल कारच्या, तिकिटातही असाच घोळ होतो. ते केबल कार कॉर्पोरेशनच्या अधिकृत संकेतस्थळावरून नाव आणि ओळखपत्रासह स्वतः काढा. जोराचा वारा असला की अफरवट डोंगराकडे जाणारा वरचा टप्पा बंद ठेवतात, त्यामुळे ‘वरपर्यंत हमखास नेतो’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

बर्फावरची सफर पॅकेजमध्ये असेल तर वाहन कोणतं, कुठून कुठे, किती वेळ, स्वतः चालवायचं की मागे बसायचं, आणि वाट बंद असली तर पैसे परत मिळणार का, हे लेखी घ्या. एजंट नुसतं “स्नो ॲक्टिव्हिटी समाविष्ट” लिहून देत असेल तर पैसे देऊ नका. वैयक्तिक यूपीआयवर पैसे मागितले तर आधी पक्की पावती मागा.

कुणी आधीच फसलं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि सेवेसाठी तुम्ही मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. आम्ही तक्रार केली आहे. असाच फोटो तुम्हालाही आला असेल तर चॅट पुसू नका, जाहिरात आणि पावती दोन्ही जपून ठेवा.