कांदा बाजार समितीत न्यायचा की बांधावर द्यायचा?

भाच्याचा प्रश्न. 2016 पासून फळं-भाजीपाला समितीबाहेर विकायला मोकळीक आहे, म्हणून शिवार खरेदीवाले (शेतातच माल घेणारे व्यापारी) दारात येतात.

खर्च बांधावर कमी: ट्रॅक्टरचं भाडं नाही, हमाली-तोलाई नाही. (आडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, 2016 पासूनच खरेदीदार भरतो, त्यामुळे ती धरली नाही.)

भावाचं मात्र तसं नाही. लासलगावच्या समितीत ट्रॉलीभोवती पाच-सात व्यापारी बोली लावतात. बांधावर एकटाच माणूस कांदा दाबून बघतो नि आकडा सांगतो. म्हणजे खरी स्पर्धा नियमांच्या आवारातच!

पैशाचं म्हणाल, तर समितीचा व्यापारी परवानाधारक, तक्रारीला जागा आहे. बाहेरच्याने आम्हाला दिलेला चेक वटला नाही, तो फोनही उचलेना.

दोन-चार क्विंटल असेल, रोख हातात मिळत असेल, तर बांधावर द्या. ट्रॉलीभर माल किंवा उधारी असेल तर समितीच.