बाळाच्या आंघोळीचा जाळीवाला टब: आठ महिने वापरल्यानंतर

लेक डिसेंबरच्या शेवटी झाली. बाळंतपणाला मी माहेरी, नाशिकला होते आणि तेव्हा तिथे पहाटेचा पारा दहाच्या खाली उतरत होता. टब डोहाळजेवणात मिळाला होता: प्लास्टिकचा, खाली पाणी सोडायला बूच, वर बाळाला टेकवायला आकड्यांनी अडकवायची जाळी. सोबत पाण्यात तरंगणारा छोटा थर्मामीटर. आता ती आठ महिन्यांची आहे, म्हणून खरा अनुभव लिहिते. सुरुवातीच्या दहा दिवसांत मी या टबाबद्दल जे लिहिलं असतं, ते आज लिहिणार नाही.

नाळ नवव्या दिवशी पडली. तोवर डॉक्टरांच्या सांगण्यावरून फक्त कोमट ओल्या कापडानं अंग पुसत होतो. दहाव्या दिवशी पहिली आंघोळ. मालिशवाल्या मावशींनी पाटावर बसून पाय लांब केले, बाळाला पायांवर घेतलं आणि तांब्यानं भराभर पाणी घातलं. त्यांचा हात इतका सराईत की मान एकदाही लटकली नाही. पण लेक रडून लालबुंद झाली. आई म्हणाली, "अगं, रडू दे, रडलं की छाती मोकळी होते." मला ते बघवेना. दुसऱ्या दिवशी मावशींच्या बादलीत थर्मामीटर सोडला, तर ४१ अंश! नवजात बाळाला ३७ ते ३८ अंश पाणी पुरतं, आपल्या कोपराला जेमतेम कोमट लागेल इतकं. मावशींना आकडा दाखवला. त्यांनी राग न मानता दुसऱ्या दिवसापासून गार पाणी जास्त घातलं. थर्मामीटरचा सगळ्यात मोठा उपयोग मला हा झाला. घरात वाद न होता पाणी बदललं. महिन्याभरानंतर मात्र माझ्या कोपरालाच अंदाज आला आणि थर्मामीटर कपाटात गेला.

मग टब काढला. जाळीवर ठेवताक्षणी तिनं दोन्ही हात फेकले, दचकली आणि किंचाळली. तीन दिवस हेच. जाळीवर अंग पाण्याच्या वर राहतं, ओलं होतं आणि वाऱ्यानं गारठतं. एवढ्याशा जिवाचं अंग वजनाच्या मानानं पसरट, त्यामुळे ऊब फार लवकर जाते. उघडं अंग आणि मोकळे हात, या दोन्हींनी ती घाबरत होती. पाण्यानं नव्हे. हे कळायला मला आठवडा लागला.

उपाय सांगितला लसीकरणाच्या वेळी भेटलेल्या नर्सनं. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना कापडात गुंडाळूनच पाण्यात उतरवतात, तसं करून बघा म्हणाली. आईच्या जुन्या सुती साडीची दुपटी घरात होतीच. लेकीला दुपट्यात सैलसर गुंडाळलं, हात छातीशी, आणि तसंच पायांकडून हळूहळू पाण्यात उतरवलं. मान माझ्या डाव्या मनगटावर. जाळी काढून टाकलेली. ती गप्प झाली. डोळे मोठे करून माझ्याकडे बघत राहिली. मी आणि आई, दोघीही श्वास रोखून बसलो होतो. मग एक हात मोकळा करायचा, धुवायचा, पुन्हा दुपट्याखाली झाकायचा, मग दुसरा. डोकं सगळ्यात शेवटी, कारण ओलं डोकं उघडं राहिलं की ऊब तिथूनच जास्त जाते. आधी आम्ही नेमकं डोक्यापासून सुरुवात करत होतो. पाच-सात मिनिटांत सगळं आटपायचं आणि टॉवेल मांडीवर आधीच पसरलेला हवा.

खोली गरम करण्यावरून मात्र आईशी बरंच बोलावं लागलं. तिला शेगडी आणि वावडिंग-ओव्याची धुरी हवी होती. बंद खोलीत कोळशाचा धूर बाळाच्या छातीला घातक आहे, त्यावर मी हटले नाही. आंघोळीआधी दहा मिनिटं हीटर लावायचा, पाणी आणायच्या आधी बंद करून बाहेर न्यायचा, असं ठरलं. नाका-कानात तेल घालणंही बंद केलं, कारण नाकातलं तेल फुप्फुसात उतरू शकतं. खोबरेल तेलाचं हलकं मालिश मात्र मावशींच्या हातचंच. तो हात मला जन्मात जमणार नाही. खूप थंडी असे त्या दिवशी नुसतं अंग पुसलं. तान्ह्या बाळाला रोज न्हाऊ घालायलाच हवं असं नाही, आठवड्यातून तीनदा पुरतं.

आणि वेळ! पोटभर दूध पाजून लगेच न्हाऊ घातलं की ओकते, भुकेली असली की रडते. पाजल्यावर पाऊण तासानं, साधारण अकराला, ऊन खोलीत आल्यावर. ही वेळ सापडल्यावर निम्मं रडं आपोआप कमी झालं.

आता टबाबद्दल. टब चांगला आहे. जमिनीवर चटईवर ठेवून पाटावर बसून वापरला, त्यामुळे सिझरच्या टाक्यांवर ताण आला नाही. स्टुलावर किंवा ओट्यावर ठेवू नका, ओल्या हातानं तो सरकतो. बूच चौथ्या महिन्यात सैल झालं आणि पाणी झिरपू लागलं. जाळी मला अजिबात पटली नाही. मधोमध लोंबते, आणि पावसाळ्यात वाळेना म्हणून शिवणीत काळी बुरशी धरली. शिवाय जाळी आहे म्हणून आपला हात सुटतो, हे मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. एकदा दाराची बेल वाजली आणि मी उठायला निघाले होते. आईनं ओरडून थांबवलं. चार बोटं पाण्यातही बाळ बुडू शकतं. त्या दिवसापासून बेल वाजो, फोन वाजो, उठायचं झालं तर तिला टॉवेलमध्ये घेऊनच.

पाचव्या महिन्यात ती पालथी पडू लागली आणि दुपट्यात राहीना. आता टबात बसून पाण्यावर थापा मारते. एक हात तिच्या पाठीशी कायम असतो.

माझ्या जावेला ऑक्टोबरमधली तारीख दिलीय. टब तिला देणार आहे, नवं बूच बसवून. जाळी टाकून दिली. सोबत आईच्या साडीची चार दुपटी धुऊन, उन्हात वाळवून ठेवली आहेत.