सोरायसिसच्या तीन गोळ्या: कोणती कोणाला झेपेल?

निफाडचा पारा उतरला की सोरायसिसवाल्यांची (त्वचेवर लाल, खवलेदार चट्टे उठवणारा जुनाट आजार) खरी परीक्षा सुरू होते. मलमांनी भागेनासं झालं, की डॉक्टर बहुधा मेथोट्रेक्सेट, सायक्लोस्पोरिन किंवा ॲसिट्रेटिनपैकी एक गोळी सुचवतात.

मेथोट्रेक्सेट सगळ्यांत स्वस्त, आणि सांधे धरले असतील तर त्यावरही चालते. मात्र ही आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. सोबत दिलेली फॉलिक ॲसिडची गोळीही बऱ्याचदा तशीच छोटी, पिवळी असते; घोळ होतो तो तिथेच. चिठ्ठीवर वार लिहून घ्या, घरात औषध काढून देणाऱ्यालाही सांगून ठेवा. तोंड आलं, ताप आला, अंगावर निळे डाग उठले तर रक्तपेशी घटत असतील. कोरडा खोकला आणि धाप लागली तर फुप्फुसावर परिणाम असू शकतो. दोन्हीत पुढची गोळी न घेता लगेच डॉक्टर गाठायचा. यकृतावरही ताण येतो, त्यामुळे गंगापूर रोडच्या वायनरीत बसणाऱ्यांनी आधी स्वतःशी खरं बोलावं. लघवीच्या जंतुसंसर्गावर को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक कोणी लिहून दिलं तर ही गोळी चालू असल्याचं आवर्जून सांगा.

सायक्लोस्पोरिनचा गुण लवकर येतो, दोन ते चार आठवड्यांत. अंग लालबुंद होऊन सोलायला लागलं तर हीच बरी. पण रक्तदाब चढतो, किडनीला झळ पोचते. म्हणून ती वर्षानुवर्षं घेत नाहीत. बीपीचा जुना त्रास असेल किंवा सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शिफ्ट करून पाठदुखीवर रोज पेनकिलर घेत असाल, तर मी या वाटेला जाणार नाही. (आपली द्राक्षं खुशाल खा, ग्रेपफ्रूट आणि पपनस मात्र टाळा.)

ॲसिट्रेटिन बाकी दोघींसारखी प्रतिकारशक्ती दाबत नाही, ही तिची मोठी जमेची बाजू. ओठ फुटतात, केस गळतात, रक्तातली चरबी (ट्रायग्लिसराइड) वाढते. पण पुढे मूल हवं असलेल्या बाईला ती नकोच: गर्भात गंभीर व्यंग येतं, आणि गोळी थांबवल्यावरही तीन वर्षं दिवस जाऊ द्यायचे नसतात. मेथोट्रेक्सेटही गरोदरपणात चालत नाही. लग्न ठरलेल्या मुलीने हे डॉक्टरांना न लाजता सांगावं.

दर काही आठवड्यांनी रक्त तपासायला जमणार नसेल, तर तिन्हींपैकी एकही सुरू करू नये असं माझं मत. आणि गावाकडच्या कुठल्या पुड्या चालू असतील तर त्या दाखवा: त्यात स्टेरॉइड असेल आणि ते एकदम सुटलं, तर सोरायसिस पूभरल्या पुळ्यांनी उसळतो.