‘गडद’ म्हणून विकलेल्या मेलेल्या तारा

फ्रेटलेस, म्हणजे पडद्यांशिवायच्या बेस गिटारसाठी वापरलेला फ्लॅटवाउंड (चपट्या वेढ्यांच्या) तारांचा सेट स्वस्तात घ्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा. माझे 3,800 रुपये गेले. पैशांपेक्षा बेसच्या बोर्डाचं जे झालं ते जास्त लागलंय.

मी छत्रपती संभाजीनगरात भीमगीतांच्या पार्टीत बेस वाजवतो. गायक एखाद्या शब्दावर मींड घेतो तेव्हा त्याच्या मागोमाग सरकत जाता यावं म्हणून फ्रेटलेस घेतला. बोर्ड शिसमाचा आहे, वर कसलाही लेप नाही. प्रसिद्ध बेसवादक जॅको पास्टोरिअस फ्रेटलेसवर राउंडवाउंड (गोल वेढ्यांच्या) तारा वाजवायचा, पण त्याने बोर्डावर इपॉक्सीचा कडक लेप चढवला होता. उघड्या लाकडावर गोल वेढ्यांची तार कानशीसारखी चालते. फ्लॅटवाउंडमध्ये गाभ्यावर चपटी पट्टी गुंडाळलेली असते. त्यामुळे लाकूड वाचतं, बोट सरकल्याचा सर्रर्र आवाज येत नाही, आणि वरची चमक दबून खर्ज भरीव येतो. ढोलकी खणखणत असताना बेसही खणखणायला लागला तर शब्द बुडतात, आणि भीमगीतात शब्द बुडून चालत नाही.

सगळ्या फ्लॅटवाउंड तारा सारख्या गडद नसतात. डॅडारिओ कंपनीच्या क्रोम्स तारा नव्या असताना बऱ्याच उजळ वाजतात. ला बेला कंपनीच्या तारांचा आवाज खोल, ठोकदार. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जॅमर्सन याच्या बेसवर ला बेलाच्याच जाड तारा असायच्या, आणि तुटल्याशिवाय तो त्या बदलत नसे असं सांगतात. व्हिएन्नाच्या थॉमास्टिक-इन्फेल्ड जॅझ फ्लॅट्स निकेलच्या, कमी ताणाच्या, बोटाखाली मऊ. मला त्याच हव्या होत्या. नवा सेट खिशाला झेपत नव्हता म्हणून वापरलेला शोधत होतो.

डिसेंबरात फोनवर एक विक्रेता भेटला. गोड बोलायचा. पाकिटाचे फोटो पाठवले, पाकीट अस्सलच होतं. तारांचा फोटो मागितला तर गुंडाळलेल्या वेटोळ्याचा एक लांबून काढलेला फोटो आला. मी विचारलं, “दादा, तारांना खुंटीची वळणं दिसतात, किती वाजवल्यात?” तो म्हणाला, “वर्षभर. फ्लॅटवाउंड जितकी जुनी तितकी गडद, जॅमर्सनचं माहीत आहे ना भाऊ? तुम्ही भीमगीतं वाजवता म्हणून कमी करतो.” त्याने सांगितलेली गोष्ट खरी होती, म्हणूनच मी फसलो. जुन्या फ्लॅटवाउंडला खरंच मागणी असते. पैसे आधी पाठवले, चार दिवसांनी कुरिअर आलं.

आवाज गडद होता, यात शंका नाही. पण सूर लागेना. बोर्डाच्या कडेला बाराव्या घराची खूण असते. तिथे एका तारेवर बोट खुणेच्या जरा पुढे न्यावं लागे, दुसरीवर मागे. पडद्यांच्या गिटारवर हे लगेच कळलं असतं. फ्रेटलेसवर सूर बोटानेच शोधायचा असतो, म्हणून दोष बोटाचाच वाटतो. मी रोज रात्री दोन-दोन तास रियाज वाढवला. 14 जानेवारीला, नामविस्तार दिनाच्या कार्यक्रमात, हार्मोनियमवाल्या काकांनी दोनदा मागे वळून पाहिलं. विद्यापीठ गेटकडे लोटलेल्या त्या गर्दीसमोर आपण बेसूर वाजवतोय, हे मनातून जात नाही.

माझा मामेभाऊ वाळूज एमआयडीसीत टूलरूमला आहे. त्याला सहज सांगितलं तर तो व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) आणि भिंग घेऊनच घरी आला. पाकिटावर जाडी छापलेली होती: 43, 56, 70, 100, म्हणजे इंचाचे हजारावे भाग. मिलिमीटरमध्ये 1.09, 1.42, 1.78 आणि 2.54. सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तार जवळपास बरोबर भरली. मधल्या दोन मात्र 1.6 आणि 2.0 च्या आसपास. 45, 65, 80, 100 हा राउंडवाउंडचा नेहमीचा सेट असतो, आणि तो थोडा घासला की हेच आकडे येतात. भिंगाखाली तर सगळं उघडच होतं. तारेच्या एका अंगाला वेढे सपाट, फिरवून पाहिलं की दुसऱ्या अंगाला गोल. दोन वेढ्यांच्या मधल्या खाचेत काळा मळ. खऱ्या फ्लॅटवाउंडमध्ये पट्टीच्या कडा एकमेकींना भिडलेल्या असतात, अशी खाच राहत नाही. मामेभाऊ म्हणाला, “पॉलिश पेपरने हाताने घासलंय रे. एका जागी जास्त, एका जागी कमी. अशी तार सुरात कशी वाजेल?”

मळ आणि घासणी यांमुळे तारेचं वजन लांबीभर सारखं राहत नाही. मग ती उघडी सुरात लागते आणि वर दाबली की भरकटते. आवाज मात्र दबका येतो, आणि तोच ‘गडद’ म्हणून खपतो. फरक कानाला असा कळतो: चांगली फ्लॅटवाउंड खर्जात घुमत राहते, मेलेली तार ठप्प होऊन लगेच विझते.

वापरलेला सेट घ्यायचाच असेल तर प्रत्यक्ष हातात घ्या. तारेवरून लांबीच्या दिशेने नख फिरवा, खरखर लागली तर परत द्या. कुरिअरनेच येणार असेल तर प्रत्येक तारेचा अगदी जवळून, दोन्ही अंगांनी फोटो मागा, मधल्या दोन तारांची जाडी व्हर्नियर लावून दाखवायला सांगा आणि पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. माझ्याकडे व्हिडिओ नव्हता. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार केली, क्रमांक मिळाला. यूपीआयचे पैसे मी स्वतःच्या हाताने पाठवले होते, ते परत आले नाहीत. विक्रेत्याचा फोन तेव्हापासून बंद आहे.

पाचव्या ते सातव्या घराच्या दरम्यान बोर्डावर चरे पडलेत. नखाला लागतात. बोर्ड घासून सपाट करावा लागेल असं दुरुस्तीवाले काका म्हणाले. तोवर पैसे साठवून नवा सेट घेतलाय. दुकानातच चारही तारा मोजल्या आणि मगच पैसे दिले. त्या नव्या सेटचं रिकामं पाकीट मी कात्रीने कापून टाकलं. तुम्हीही कापून टाकत जा, कारण माझ्याकडे आलेलं पाकीट कुणीतरी असंच अख्खं फेकलेलं असणार.