हरमल की मालवण?

एकट्यानं कोकणात जायचंय. समुद्र हवाच, पण संध्याकाळ खोलीत मोबाईल बघत घालवायची नाही. चार अनोळखी माणसं भेटावीत आणि समोर बसून कुणीतरी गाताना-वाजवताना ऐकायला मिळावं. असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी दोनच नावं सांगते. एक गोव्याच्या उत्तर टोकाचं हरमल, म्हणजे पाट्यांवरचं आरंबोल, आणि दुसरं सिंधुदुर्गातलं मालवण. अलिबाग-काशीदला लोक आपापल्या ग्रुपनं येतात आणि ग्रुपमध्येच राहतात. गणपतीपुळ्याला बहुतेक कुटुंबं येतात, दर्शन आणि किनारा झाला की निघतात. एकट्या माणसाला तिथे समुद्र मिळतो, सोबत मिळत नाही.

ओळखी करून घेण्यात हरमल फार सोपं आहे. हॉस्टेलमध्ये सहा-आठ जणांच्या खोलीत एक बंक घ्यायचा, बाकी आपोआप होतं. स्वयंपाकघरात चहा करताना कुणी तरी विचारतं, कुठून आलीस, किती दिवस आहेस. सूर्य बुडायच्या सुमाराला किनाऱ्यावर ढोलवाले गोल करून बसतात. जेंबे, डफ, कधी बासरी. कुणी बोलावत नाही, कुणी अडवत नाही. वाळूत जागा करून बसायचं, हाताशी वाद्य आलं तर वाजवायचं. शॅक आणि कॅफेंमध्ये हंगामात गाण्याचे कार्यक्रम आणि ओपन माइक होतात. तिथे सातलाच जाऊन बसा, कारण उघड्यावरचे स्पीकर रात्री १० ला बंद करायचा नियम आहे.

पोचणंही सोपं. जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेला मोपाचा विमानतळ याच पेडणे तालुक्यात आहे, आणि कोकण रेल्वेचं पेडणे स्टेशनही जवळ आहे. एकट्या मुलीला पहिल्याच प्रवासात कुठे जाऊ विचारलंत तर मी हरमलच सांगेन. तिथे एकटी मुलगी दिसली की कुणाला नवल वाटत नाही. अंधार पडल्यावर मात्र गोड्या पाण्याच्या तळ्याकडच्या खडकाळ वाटेनं एकटीनं जाऊ नका.

मला तिथे खुपतं ते एवढंच, की सगळेच वाटसरू. सकाळी जिच्याबरोबर चहा घेतला तिचा बंक दुपारी रिकामा दिसतो. चार दिवस राहून गावातल्या एकाही घरात माझं पाऊल पडलं नव्हतं.

मालवणात उलटं. डायव्हिंगला आलेली मंडळी बोटीत भेटतात, गप्पा होतात, पण रात्री प्रत्येकजण आपापल्या न्याहारी-निवासात. किनाऱ्यावर रोजचं संगीत नाही. मग मी मालवणचं नाव का घेते? तर दहीकाल्यासाठी, म्हणजे जत्रेत रात्रभर चालणाऱ्या दशावतारी नाटकासाठी.

कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की उन्हाळ्यापर्यंत या भागात कुठल्या ना कुठल्या देवळापुढे दशावतारी नाटक असतं. पालखीची प्रदक्षिणा झाली की रात्री उशिरा हार्मोनियम, मृदंग आणि झांज यांच्या साथीनं खेळ सुरू होतो, तो उजाडेपर्यंत. लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली, संवाद नटांनी जागच्या जागी रचायचे, आणि युद्धाच्या प्रसंगाला मृदंग असा चढतो की डुलकी लागलेली पोरंही उठून बसतात. पहाटे दहीहंडी फुटते. मला पहिल्यांदा घरमालकीण काकूंनी नेलं होतं. जेवण वाढताना त्या म्हणाल्या, "नाटकाक येतलस?" आणि मी त्यांच्याच चटईवर, त्यांच्या जावेच्या आणि नातवंडांच्या मधे बसून रात्र काढली. शेजारच्या आजींनी मला प्रत्येक पात्र ओळखून दाखवलं. तशी सोबत मला हरमलला एकदाही मिळाली नाही.

डबलबारी भजनही चुकवू नका. दोन बुवा, दोन मंडळं, एकानं गाण्यातून कोडं घालायचं, दुसऱ्यानं गाण्यातूनच उत्तर द्यायचं. पखवाज आणि टाळ तापत जातात आणि ऐकणारे मधेच दाद देतात. मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीची भराडीदेवीची जत्राही प्रसिद्ध आहे, पण तिची तारीख कॅलेंडरात ठरलेली नसते, दरवर्षी कौल घेऊन जाहीर होते. तिथे गर्दी प्रचंड असते. पहिला दहीकाला एखाद्या लहान गावातलाच बघा.

तेव्हा तीनच दिवस असतील आणि तारीख हलत नसेल, तर हरमल. नोव्हेंबर ते मार्च कधीही जा, संध्याकाळ वाया जाणार नाही. आठवडा हाताशी असेल आणि तारीख जत्रेप्रमाणे पुढेमागे करता येत असेल, तर मालवण. पावसात हरमलचे शॅक उतरवलेले असतात, पण गणपतीत मालवणच्या वाड्यावाड्यांत घरोघरी भजनं चालतात. त्या दिवसांत घरं चाकरमान्यांनी भरलेली असतात, म्हणून खोली फार आधी सांगून ठेवा.

दोन्हीही जमतं. मालवण ते हरमल वेंगुर्ला, शिरोडा, रेडी असा किनाऱ्यानं जाणारा रस्ता साधारण ७५ किलोमीटरचा आहे. तेरेखोलला फेरीबोटीनं केरीला उतरलं की हरमल अगदी जवळ. मी आधी मालवण करते. खोली ठरवताना फोनवर भाड्याआधी एकच विचारते, "काकू, जवळपास दहीकालो कधी आसा?" बॅगेत एक शाल ठेवते, कारण पौषातल्या रात्री देवळापुढच्या अंगणात तीन वाजता चांगलीच थंडी पडते.