नव्या एसयूव्हीसाठी थांबायचं, की शोरूममध्ये उभी आहे ती घ्यायची?

गाडीची घोषणा झाल्यापासून ती दारात उभी राहीपर्यंत किती काळ जातो, हे आधी बघा. स्कोडाने छोटी एसयूव्ही आणणार असं फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं. ऑगस्टमध्ये तिचं नाव कळलं, कायलॅक. नोव्हेंबरमध्ये गाडी आणि ७ लाख ८९ हजारांपासूनची किंमत समोर आली, डिसेंबरमध्ये बुकिंग उघडलं आणि गिऱ्हाइकाच्या हातात चावी पडायला लागली २७ जानेवारी २०२५ पासून. अकरा महिने गेले. महिंद्राच्या एक्सयूव्ही ३एक्सओचं गणित निराळं होतं. २९ एप्रिल २०२४ ला किंमत जाहीर, १५ मेला बुकिंग आणि मे संपायच्या आत डिलिव्हरी सुरू. पण बुकिंग उघडल्यावर पहिल्या तासाभरातच ५० हजार नोंदी झाल्या. तेव्हा तारीख जवळची असली तरी आपला नंबर लांबचा असू शकतो.

आपल्याकडे हा नंबरच जास्त दमवतो. कायलॅक चाकणला बनते, ह्युंदाईची नवी वेन्यू तळेगावला, टाटाची नेक्सॉन रांजणगावला, ३एक्सओ नाशिकला. यातली कुठलीही गाडी ट्रकवर चढली की जालना किंवा बीडला पोचायला फार वेळ लागत नाही. उशीर होतो तो डीलरच्या वाट्याला किती गाड्या येतात आणि त्यात तुम्हाला हवं ते व्हेरिएंट, हवा तो रंग आहे का यावर. म्हणून ‘गाडी कधी येणार?’ असं विचारू नका. ‘या व्हेरिएंटची, या रंगाची तुमची मागची गाडी कधी आली आणि माझ्या पुढे किती जण आहेत?’ असं विचारा. सेल्समनला याचं उत्तर देता आलं नाही, तर त्याने सांगितलेल्या तारखेवर लग्नाचा किंवा पाडव्याचा बेत आखू नका.

पैशाचं बघू. थांबणाऱ्यांचा अलीकडे सगळ्यात मोठा फायदा झाला तो २०२५ मध्ये, आणि तो नव्या मॉडेलमुळे नव्हे, करामुळे झाला. लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत, अशा गाड्यांवर आधी सगळं धरून २९ आणि ३१ टक्के कर होता. २२ सप्टेंबरपासून तो १८ टक्के झाला. ३एक्सओच्या डिझेलमध्ये फरक दीड लाखाच्याही वर गेला. अशी कपात दर वर्षी होत नाही, तिच्या आशेवर बसण्यात अर्थ नाही. पण त्या नियमाचा उपयोग आजही आहे. येणारी गाडी ‘कॉम्पॅक्ट’ म्हणून गाजत असेल तर तिची लांबी आणि सीसी आधी बघा. टाटाची सिएरा ४.३४ मीटर लांब, म्हणून तिच्यावर कर १८ नव्हे, ४० टक्के. तिची किंमत सुरू झाली ११ लाख ४९ हजारांपासून. नेक्सॉनचं बजेट धरून सिएराची वाट बघणाऱ्याला ते परवडणार नाही. मारुतीची ब्रेझा चार मीटरच्या आत असूनही तिचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून तीही ४० टक्क्यांत. आणि एक्स-शोरूम किंमत १० लाखांच्या वर गेली की एक टक्का टीसीएस, म्हणजे डीलर विक्रीच्या वेळीच गोळा करतो तो आयकर, वेगळा भरावा लागतो, तो आयकराचं रिटर्न भरताना वळता होतो.

आत्ता घेणाऱ्याचा फायदा घासाघीस करण्यात आहे. नवं रूप येणार म्हटल्यावर जुन्या रूपावर सूट मिळतेच. ती सूट म्हणजे उद्या गाडी विकताना जी किंमत कमी येणार, तिची आजच मिळालेली भरपाई. चार वर्षांत गाडी बदलणाऱ्याने हे नीट मोजावं. दहा वर्षं एकच गाडी वापरणाऱ्याने, आणि आपल्याकडे बहुतेक जण तसेच असतात, सूट घेऊन मोकळं व्हावं. मात्र डिसेंबर-जानेवारीत घेत असाल तर गाडी कुठल्या महिन्यात बनली ते चासी नंबरवरून तपासायला लावा. आरसीवर तेच छापून येतं.

आता नवेपणाबद्दल. सगळा नवेपणा सारखा नसतो. कायलॅक नवी होती, पण तिचं एक लिटरचं टर्बो इंजिन २०२१ पासून स्कोडाच्याच कुशाकमध्ये चालत होतं. ४ नोव्हेंबर २०२५ ला ७ लाख ९० हजारांपासून आलेल्या नव्या वेन्यूतही इंजिनं आधीचीच तीन. अंग नवं आणि इंजिन मुरलेलं, अशा गाडीसाठी मी बिनधास्त थांबेन. इंजिनच नवं असेल तर पहिलं वर्ष दुसऱ्यांना वापरू द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि एका गोष्टीसाठी तर मुळीच थांबू नका. नेक्सॉन, वेन्यू, कियाची सोनेट, ब्रेझा, ३एक्सओ, कायलॅक, सगळ्या पुढच्या चाकांवरच ओढणाऱ्या. आषाढात वावराच्या रस्त्याला काळ्या मातीत यातली कुठलीही घातली तर पुढची चाकं जागच्या जागी फिरणार आणि ट्रॅक्टर बोलवावा लागणार. रोज शेतात जाणं असेल तर ही जातच तुमची नव्हे.

माझ्या मते निम्मा निर्णय सर्व्हिसवर होतो. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा एमआयडीसीत स्कोडाचा कारखाना २००१ पासून आहे, पण कारखाना जवळ असणं वेगळं आणि वर्कशॉप जवळ असणं वेगळं. वाळूच्या टिप्परमागे चालताना खडा उडून पुढची काच गेली, तर तुमच्या जिल्ह्यात ती किती दिवसांत मिळेल? ब्रेझा २०१६ पासून, नेक्सॉन २०१७ पासून रस्त्यावर आहे. त्यांची काच, बंपर, सस्पेन्शनचे बुश तालुक्याच्या गावातल्या मिस्त्रीलाही ठाऊक आहेत. नव्या मॉडेलची हेडलाइट फुटली तर सुरुवातीचे महिने तोही पार्ट ऑर्डरवरच येतो. छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्याला हे निभावून नेता येतं. हिंगोली किंवा धाराशिवकडच्या माणसाने गाडी टेम्पोवर घालून न्यायचा खर्च आणि बुडालेली रोजी आधीच मोजावी.

मग कोणी काय करावं? जुनी गाडी चालू आहे, येणाऱ्या मॉडेलची किंमत आणि तारीख दोन्ही जाहीर झाल्या आहेत आणि तिचं वर्कशॉप तुमच्या जिल्ह्यात आहे, तर थांबा. आईचे गुडघे दुखत असतील तर जास्तच थांबा आणि डेमो गाडी आल्यावर आईला सोबत न्या. लुगडं सावरत मागच्या सीटवर चढता-उतरता येतं का, हे फोटोत कळत नाही. किंमत जाहीर नाही, नुसती झाकलेल्या गाडीची छायाचित्रं फिरताहेत आणि घरात डायलिसिसचं किंवा बाळंतपणाचं माणूस आहे, तर हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका. उभी आहे ती घ्या.

थांबायचं ठरवलं तर बुकिंगच्या फॉर्मवरची बारीक अक्षरं वाचा. बहुतेक ठिकाणी किंमत डिलिव्हरीच्या दिवशीची लागते, बुकिंगच्या दिवशीची नव्हे. कोटेशनमधल्या ‘हॅंडलिंग’ आणि ॲक्सेसरीच्या रकमा काढायला सांगा, विमा बाहेरून घेता येतो तेही ठणकावून सांगा. आणि बुकिंग रद्द केल्यास किती रक्कम किती दिवसांत परत मिळेल, ते त्याच पावतीवर सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या.